ओरिजिनल कोपीचा नकाशा

वर्षाराणी वहिनींनी मोबाईलवर एकामागून एक फोटो सरकवले. डोंगरातली लाकडी खोली, तळ्याकाठची गवताची खोली, कुठल्या तरी देशातली भोपळ्यासारखी गोल खोली. शेवटी एका फोटोवर त्यांचं बोट थांबलं.

"हे बघा. अगदी अशी पाहिजे. छोटीशी, उबदार, रस्टिक."

विजयमालाने फोन आधी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला आणि नवऱ्याच्या हातात दिला. धोंडीरामने बघितलं आणि त्याला हसूच आलं.

"वहिनीसाहेब, ही तर कोप हाय."

आता ज्यांनी कोप पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. दसरा-दिवाळी झाली की बीडकडची माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात. तिथं माळावर बांबू वाकवून रोवायचे, वरून चटया टाकायच्या, चटयांवर उसाच्या शेंड्यांचं वाढं आणि वाळका पाला, म्हणजे पाचट, आणि सगळं सुतळीने आवळून बांधायचं. झाली कोप. दार नाही, खिडकी नाही, आत ताठ उभं राहायची सोय नाही. धोंडीराम आणि विजयमालाने अशा सतरा कोपी बांधल्या होत्या, वर्षाला एक. आणि आता भगवानराव आबांच्या सुनेला, म्हणजे वर्षाराणी वहिनींना, तलवाड्याच्या शिवारात, कालव्यापलीकडच्या आपल्या रानात, पाहुण्यांसाठी फार्मस्टे काढायचा होता आणि त्यात तीन कोपी हव्या होत्या. फक्त त्यांना कोप म्हणायचं नव्हतं. केबिन म्हणायचं होतं.

"बांधायच्या तुम्ही आणि सांभाळायच्याही तुम्हीच," वहिनी म्हणाल्या. "बारा महिने इथंच राहायचं. यंदा तोडीला जायची गरज नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून आईबापाच्या मागे उभी असलेली प्रियदर्शनी जागच्या जागी दोन बोटं वर उचलली गेली. कारण ती यंदा दहावीत होती. आठवीत असताना ती आईबापासोबत गेली होती आणि दिवाळी ते होळी शाळा बुडाली होती. नववीत तिला छबुबाई मावशीकडे ठेवलं होतं, पण यंदा मावशीच तोडीला निघाली होती. म्हणजे आई गेली की प्रियदर्शनी गेली, आणि प्रियदर्शनी गेली की दहावी गेली. हिशेब इतका सरळ होता. आणि आता वहिनींनी एका वाक्यात तो फिरवला होता.

"नकाशा मी काढते," ती म्हणाली.

धोंडीरामने वळून बघितलं. मोठ्या माणसांत बोलायची ही सवय पोरीला नवीनच लागली होती. झालं असं होतं की नववीत तिला इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली. अख्ख्या शाळेत एकटीला. तेव्हापासून ती मागच्या बाकावरून पहिल्या बाकावर आली, तासाला प्रश्न विचारायला लागली, आणि एकदा तर भूमितीच्या सरांनी फळ्यावर काढलेला काटकोन काटकोन नाही हे कोनमापक लावून सिद्ध केलं. सरांना ते फार आवडलं नाही. तिला मात्र फार आवडलं.

"काढ की," वहिनी हसून म्हणाल्या. "बघू या तर."

प्रियदर्शनीने चार दिवस घेतले. डिझाईन करायची तिची पद्धत एकदम सोपी होती. कोपीत जे जे नको वाटायचं ते ते उलटं करायचं. कोपीत वाकून चालावं लागायचं, म्हणून आढं साडेआठ फुटांवर. माघात एकदा अवकाळी आला आणि अंथरुणाखालून पाणी वाहिलं होतं, म्हणून दगडाचा दीड फूट चौथरा. कोपीत झोपलं की फक्त काळोख दिसायचा, म्हणून खिडकी उशीच्या उंचीवर, म्हणजे पाहुण्याला पडल्या पडल्या रान दिसेल. चूल बाहेर, पण छपराखाली. आणि आत, केबिनीला लागूनच, शहाबादी फरशीची न्हाणी. न्हाणीला दार. दाराला आतून कडी.

कागदाच्या कोपऱ्यात तिने अजून एक चौकोन काढला. दहा बाय बारा. त्यात लिहिलं, राखणदारांची खोली. त्या चौकोनाला चिकटून छोटा चौकोन, न्हाणी. दोन्ही दारांना कड्या. तो छोटा चौकोन तिने सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात नीट काढला होता.

वहिनींनी नकाशा पाहिला. खिडकीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तुला सुचलं?" मग त्यांनी नकाशाचा फोटो काढून पुण्यातल्या कुणाला तरी पाठवला आणि काम सुरू झालं. धोंडीरामने तोडीच्या टोळीच्या मुकादमाला, बिभीषणला, सांगून टाकलं की यंदा आमचं नाव धरू नको. बिभीषणने दोनदा विचारलं, "नक्की ना, धोंडीबा? मागून म्हणशील तर जागा न्हाई राहायची." धोंडीराम नक्की म्हणाला.

पहिली केबिन उभी राहिली तेव्हा प्रियदर्शनी शाळेत होती. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती पळतच रानात आली, तर तिथं वहिनींचा आवाज कालव्यापर्यंत येत होता.

"धोंडीराम, हे काय करून ठेवलंय? तिकडं तळं आहे, तिकडं आंब्याची झाडं आहेत, आणि दार गोठ्याकडं? पाहुणा पुण्याहून पाच तास गाडी चालवून येणार आणि सकाळी उठून म्हशीचं बूड बघणार का?"

धोंडीराम आणि विजयमाला एकमेकांकडे बघत होते. त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. नकाशात दार तळ्याकडे होतं, पोरीने बाणसुद्धा काढून दिला होता. पण बांबू रोवायला घेतले आणि हातांनी आपोआप ओळखीची दिशा धरली. कोपीचं तोंड बैलाकडं, हा तोडीवरचा रिवाजच आहे. पडल्या पडल्या बैलाची चाहूल लागली पाहिजे. बैल सुटला, कुणी सोडून नेला, तर हंगामच गेला.

"सवय हो, वहिनीसाहेब," विजयमाला म्हणाली. "सतरा वर्सं बैलाकडंच केलंय."

"अहो, पण इथं बैल कुठंय?"

"न्हाई ना. म्हणूनच म्हशीकडं झालं आसंल."

प्रियदर्शनीला हसू फुटलं. वहिनींनाही थोडंसं फुटलं. सगळं सोडून पुन्हा बांधायला दोन दिवस गेले. यात राग येण्यासारखं काही नव्हतं आणि तिला राग आलाही नाही. चूक आपली होती, आपणच दुरुस्त केली. राग पुढे आहे.

तिसऱ्या केबिनीला पाचट चढलं त्या आठवड्यात बीडहून दारं आली. सागवानी. कड्या पितळी, जुन्या वाड्याला शोभतील अशा, बोटभर जाड. प्रियदर्शनीने एक कडी हातात घेऊन बघितली. गार आणि जड. न्हाणीत गरम पाण्याचा बंबसुद्धा बसला होता. तिने मोजलं. तीन केबिनी, तीन न्हाण्या, सहा कड्या.

"वहिनी, आमच्या खोलीच्या कड्या मागून येणार का?"

"तुमच्या कुठल्या खोलीच्या?"

"राखणदारांच्या. नकाशात हाय ना."

वहिनींनी पर्समधून नकाशा काढला. तोच कागद, पण आता त्यावर लाल पेनाच्या खुणा होत्या. केबिनींवर बरोबरच्या खुणा होत्या, आणि कोपऱ्यातल्या दहा बाय बाराच्या चौकोनावर फुली. छोट्या चौकोनावरही फुली. शेजारी वहिनींच्या अक्षरात लिहिलं होतं, कोप, ओरिजिनल.

"अगं, ती खोली पत्र्याची दिसली असती. सगळा लूक गेला असता," वहिनी समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "त्यापेक्षा तिथं तुम्ही तुमची खरीखुरी कोप बांधा. पाहुण्यांना दोन्ही बघायला मिळेल. इकडं केबिन, तिकडं ओरिजिनल. तुझी आई दारात चुलीवर भाकरी करतेय, शेजारी कोयता टेकवलाय. लोकांना असलं फार आवडतं. फोटो काढतील, भाकरी विकत घेतील. तुमचाच फायदा."

"आणि न्हाणी?"

"कोपीला कुठं न्हाणी असते?"

"कडी?"

"कोपीला दार तरी असतं का? तूच तर सांगितलंस मला," वहिनी म्हणाल्या, आणि त्यात खोडसाळपणा अजिबात नव्हता, हीच सगळ्यात वाईट गोष्ट होती. "आणि तुम्हाला सवय आहे ना."

प्रियदर्शनीला बोलायचं होतं. पहिल्या बाकावरच्या मुलीला बोलायला काय लागतं? पण तिने हातातली पितळी कडी दाराशी ठेवून दिली, एवढंच. तिने आपल्या तोंडानेच सांगितलं होतं. कोपीला दार नसतं, न्हाणी नसते, खिडकी नसते, म्हणून पाहुण्यांना द्या. वहिनींनी ते सगळं मन लावून ऐकलं होतं आणि पाहुण्यांना दिलं होतं. आणि जे नसतं ते तिच्या आईच्या वाट्याला जसंच्या तसं ठेवलं होतं.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा विजयमाला ज्वारी निवडत होती.

"मला म्हायतीय," ती म्हणाली. "परवाच बोलल्यात वहिनी."

"आन् तू हो म्हणलीस?"

"मग काय म्हणू?"

"न्हाई म्हण."

"न्हाई म्हणलं की बिभीषणच्या पाया पडून त्याच्या गाडीत बसायचं. तिथं काय बंगला हाय? तिथंबी कोपच हाय. इथं निदान तुजी शाळा हाय पायाखाली. एका वर्साचा तर सवाल हाय, प्रिये. दहावी निघू दी तुजी."

"माज्या दहावीसाठी तू कोपीत बसून लोकांला दाखवायला भाकरी करणार?"

"भाकरी करायला काय जातंय. रोज करतीच की."

"बप्पा, तुमी तरी बोला."

धोंडीराम सुतळीचा गुंडा करत होता. त्याने गुंडा पुरा केला, ठेवला आणि म्हणाला, "मी नक्की म्हणून बसलोय बिभीषणला."

तिला दोघांचाही राग आला. वहिनींपेक्षा जास्त आला. जेवायला वाढलं तर ती जेवली, कारण भूक लागली होती, पण रागाने जेवली.

सोमवारी खेळाचा तास होता. मुली मैदानावर गेल्या आणि प्रियदर्शनी वर्गात बसून राहिली. तिने ड्रॉईंगचा मोठा कागद बाकावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वह्या ठेवल्या आणि पट्टीने रेघ मारली. परीक्षेत तिने जितकी स्वच्छ रेघ मारली नव्हती तितकी ही स्वच्छ आली. पुढचे तीन दिवस मधल्या सुट्टीतही ती तेच करत होती. एका मैत्रिणीने विचारलं, "प्रोजेक्टय का गं?" ती म्हणाली, "हो. इतिहासाचं."

रविवारी सकाळी आबांच्या ओसरीवर चहा चालला होता. भगवानराव आबा आरामखुर्चीत, वहिनी लॅपटॉप घेऊन पायरीवर. विजयमाला आणि धोंडीराम खाली अंगणात, कोपीसाठी घरून आणलेल्या चटया उलगडत. प्रियदर्शनी सरळ पायऱ्या चढली आणि कागद वहिनींच्या पुढ्यात पसरला.

"हे काय?"

"तिन्ही केबिनींचा नवा नकाशा. पहिल्यात चुका झाल्या होत्या. हा पूर्ण ओरिजिनल आहे."

"थांब जरा, बुकिंगचं चाललंय माझं."

"दोन मिनिटं लागतील. ही केबिन. उंची पाच फूट, म्हणजे पाहुण्यांनी वाकून चालायचं. चौथरा काढून टाकलाय. खिडकी काढून टाकलीय. दार पण. दाराच्या जागी जुनी साडी." तिचं बोट पट्टीसारखं सरळ फिरत होतं. "ही न्हाणीची जागा. दोन बाजा उभ्या करायच्या आणि त्यांच्यावर लुगडं टाकायचं. आंघोळ पहाटे चारला उरकायची, कारण साडेचारला पुरुषमाणसं उठतात. पाणी हापशाचं, थंडगार. पाळी आली तरी तिथंच. संडासला ह्या बाणाच्या दिशेने, उसात. हातात टॉर्च आणि काठी. पाहुणीने एकटीने जायचं नाही, सोबतीला दुसरी पाहुणी उठवायची."

वहिनींनी लॅपटॉप बाजूला ठेवला.

"आणि ही दोरी," प्रियदर्शनी म्हणाली. कागदावर दारातल्या साडीपासून आत झोपलेल्या बाईच्या पायापर्यंत एक बारीक रेघ होती. "साडीच्या काठाला एक टोक, आईच्या अंगठ्याला एक टोक. बाहेरून कुणी साडी सरकवली की अंगठा ओढला जायला पाहिजे. मी आठवीत होते तेव्हा पाच महिने ती दोरी होती. माझ्यामुळं होती. पाहुणीसोबत लेक असेल तर तिलाही एक दोरी द्यावी लागेल आपल्याला."

"प्रियदर्शनी, असलं काय काढतेस? पाहुणे राहतील का असल्यात?" वहिनी म्हणाल्या.

प्रियदर्शनीने कागद त्यांच्याकडे अजून थोडा सरकवला. वहिनींनी दुसरीकडे बघितलं.

आबांनी बशीतला चहा संपवला. "पोरगी लई बोलती रे, धोंडीराम."

एरवी धोंडीरामने हात जोडले असते, पोर हाय आबासाहेब म्हणाला असता, पोरीला मागे ओढलं असतं. तो चटईचं एक टोक धरून उभा होता.

"हां, आबासाहेब," तो म्हणाला. "बोलती." आणि तेवढंच बोलून थांबला.

विजयमाला मात्र चटई सोडून पायऱ्यांपाशी आली. तिला अक्षरं फारशी लागत नव्हती, पण चित्र लागत होतं. तिने हात पदराला पुसले आणि कागद बराच वेळ बघितला. मग बोट ठेवलं.

"हे चुकलंय. दोरी डाव्या पायाला होती. उजव्या कुशीला तू असायचीस."

तिचं बोट कागदावरच्या दोरीवरून साडीपर्यंत फिरलं.

"मला वाटायचं तू झोपलेली असतीस," विजयमाला म्हणाली. मग ती वहिनींकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "वहिनीसाहेब, सतरा वर्सं कोपीत ऱ्हायलेय. कामाला गेलते म्हणून ऱ्हायले, त्याची लाज न्हाई. पन दाखवायला न्हाई ऱ्हायची. दाखवायचीच आसंल तर कोप बांधून देते, रिकामी ठिवा. बाहेर पाटी लावा. आत मी न्हाई."

"अहो विजयमालाबाई, पण ठरलं होतं आपलं."

"व्हय, मी व्हय म्हणलं होतं. आता न्हाई म्हणतेय."

"मग तुम्ही राहणार कुठं? राखणीला माणूस लागतंच. पंधरा तारखेला पहिलं बुकिंग आहे." वहिनींनी सासऱ्याकडे बघितलं. आबा रिकाम्या बशीत बघत होते.

"लावा दुसरा माणूस," विजयमाला म्हणाली. "फकस्त महिन्याला सुतळी आवळाय लागती. पाचट वाळलं की बसतंय, आन् आढं गळाय लागतंय. गाठ कशी मारायची ते त्याला ठाव आसलं म्हंजी झालं." तिने धोंडीरामकडे बघितलं. "घ्या वो चटया. गुंडाळा."

धोंडीरामने चटई गुंडाळायला घेतली. प्रियदर्शनीला आता कळत होतं की ही चटई गाडीवर चढली की बिभीषणची गाडी, तो माळ, आणि मार्चमध्ये ज्या बाकावर तिचा नंबर असेल तो बाक रिकामा. तिने आठवडाभर हा विचार केलाच नव्हता. फक्त रेघा मारल्या होत्या. आता तिला वाटलं, काहीतरी बोलून सावरावं. पण आईने नुसतं बघितलं. प्रियदर्शनीने दुसऱ्या चटईचं टोक धरलं आणि बापासोबत गुंडाळायला लागली.

तिसरी चटई गुंडाळून झाली तेव्हा वहिनी पायऱ्या उतरून आल्या.

"एक खोली बांधू," त्या म्हणाल्या. "साधी. पत्र्याची. आत्ता घाईत जमेल तेवढी."

"न्हाणी?" विजयमाला म्हणाली.

"ते दिवाळीनंतर बघू."

"आधी न्हाणी. भिंती मागनं आल्या तरी चालतील, चार दिस छपराखाली काढू. पन न्हाणी आधी. दार, कडी आन् संडास."

वहिनींनी ओठ दाबले. "ठीक आहे. पण केबिनींच्या मागच्या बाजूला. फोटोत येता कामा नये."

झालं, प्रियदर्शनी पुन्हा पेटली. मागच्या बाजूला म्हणजे काय? केबिनींचे बांबू पुढून दिसणार, ते ज्यांनी वाकवले ते मागे लपवायचे? उशीजवळची खिडकी कुणाची होती? वहिनींनी फार्मस्टेचं पान उघडलं होतं त्यावर 'आमची संकल्पना' असं लिहिलेलं तिने वर्गातल्या मुलीच्या फोनवर वाचलं होतं, तेही तिला आत्ताच विचारायचं होतं. चुकलं एवढा एक शब्द कुणी म्हटला नव्हता. तिने तोंड उघडलं.

"मागं तर मागं," विजयमाला म्हणाली. "फोटोत न्हाऊन मला काय करायचंय?"

आबा खुर्चीत एकदम खोकल्यासारखे हसले. वहिनींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

केबिनींच्या मागे बांधाला लागून मोकळी जागा होती. धोंडीरामने तिथलं गवत काढलं, पायाने माती दाबून बघितली आणि आखणीला पांढऱ्या फक्कीची पिशवी आणली. प्रियदर्शनी टेप घेऊन आली. तिचा चेहरा अजून फुगलेलाच होता, आणि तो आठवडाभर तरी उतरणार नव्हता.

"किती धरायची?" धोंडीरामने विचारलं.

"पाच बाय पाच," विजयमाला म्हणाली. ती गवत काढलेल्या जागेत उभी राहिली आणि दोन्ही हात बाजूला पसरून तिने एकदा स्वतःभोवती फिरून बघितलं. "बादली, दगड आन् कपडे ठिवायला जागा पायजे."

"चार बाय चार पुरे की," मागून वहिनी म्हणाल्या. "केबिनींच्या पण चारच आहेत."

प्रियदर्शनीने टेपचं टोक दगडाखाली दाबलं, पाच फुटांपर्यंत ओढत नेलं आणि तिथं खुंटी ठोकली.